कृषि-आयुक्ताचा अधिकार आणि पेणची खारजमीन

शासननियुक्त कृषि-आयुक्ताच्या अधिकाराला, केवळ पदरचना पाहिली तर, राज्याच्या सीमेखेरीज दुसरी सीमा दिसत नाही. पुण्याच्या आयुक्तालयाखाली विभागीय कृषि सहसंचालक, त्यांच्याखाली जिल्हा अधीक्षक कृषि अधिकारी, पुढे तालुका व मंडळ अधिकारी आणि शेवटी गावातील कर्मचारी अशी ही साखळी थेट बांधापर्यंत पोहोचते. परंतु रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याच्या खाडीकाठी ती ज्या बांधापाशी येऊन थांबते, तो बांध मात्र आयुक्ताचा नसतो. भाताचे पीक त्याच्या खात्याचे आणि त्या पिकाला समुद्रापासून राखणारी मातीची भिंत दुसऱ्या खात्याची, अशी येथील स्थिती आहे. या पदाचे खरे स्वरूप समजून घेण्यास याहून बोलके उदाहरण सहसा मिळणार नाही.

पाताळगंगा, भोगावती व अंबा या नद्या धरमतरच्या खाडीकडे वळतात त्या सखल भागात वाशी, वढाव, दादर, शिर्की इत्यादी गावे वसली आहेत. येथील पुष्कळशी शेते मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. ती शेते राहिली आहेत ती केवळ बांधामुळे. बांधात ठिकठिकाणी उघाड्या बसविलेल्या असतात. ओहोटीच्या वेळी उघाडीचे झडप आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते व पावसाचे पाणी खाडीत जाते. भरती आली की तेच झडप बाहेरच्या दाबाने मिटते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडणारा पाऊस जमिनीतील क्षार धुऊन काढतो आणि त्या गोड्या पाण्यावर भाताचे एक पीक निघते. ही सारी रचना नाजूक आहे. खेकड्यांनी पाडलेल्या भोकातून पाणी झिरपू लागते, उधाणाची भरती ते भोक रुंदावते आणि बांधाला खांड पडते. खांड पडल्यानंतर दिवसातून दोनदा पाणी आत-बाहेर करते व प्रत्येक खेपेस थोडी माती घेऊन जाते. म्हणून ती भांगाच्या दिवसांत, भरतीचा जोर कमी असताना, तातडीने बुजवावी लागते. पंधरवड्याच्या हिशेबाने चालणाऱ्या या कामाला अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा यांचा हिशेब लागू केला म्हणजे काय होते, हे निराळे सांगावयास नको.

पूर्वी हे काम शेताजवळच होत असे. कोलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाची वहिवाट होती. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्याकडे बांध राखण्याची जबाबदारी असे आणि त्यासाठी कुळांकडून भाताचा ठराविक वाटा घेतला जाई. त्यात कुळांची पिळवणूक होतीच, हे विसरता येत नाही. तथापि बांध कोणाचा, या प्रश्नाला गावात एक उत्तर असे. जोळ या सामुदायिक पद्धतीत तर एका बंदिस्तीतील सर्व शेतकरी मिळून डागडुजी करीत. कुळकायद्यानंतर जुनी मालकी मोडली आणि १९४८ च्या मुंबई खारजमीन अधिनियमाने खारजमीन विकास मंडळ अस्तित्वात आले. पुढे महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये खारजमीन विकासाचा स्वतंत्र अधिनियम केला. आज ही कामे जलसंपदा विभागाच्या खारभूमी यंत्रणेकडे असून तिचे एक कार्यालय पेण येथेच आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत शेती १४ व्या, पाणी व जमीन अनुक्रमे १७ व्या व १८ व्या नोंदीत येते, आणि १७ व्या नोंदीत बांधांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिन्ही विषय राज्याचेच आहेत. तेव्हा पेणमधील शेती व बांध यांची फारकत संविधानाने लादलेली नसून ती राज्याच्या खातेवाटपातून आली आहे.

कृषिखात्याच्या प्रमुखाचे क्षेत्र सदैव इतके आखडलेले नव्हते. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींनंतर प्रांतोप्रांती शेतीखाती उभी राहिली. १९०७ साली पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले हॅरोल्ड मॅन पुढे मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक झाले. ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते आणि दख्खनमधील एका खेड्याच्या जमिनीचा व श्रमाचा त्यांनी केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण, संशोधन व प्रसार ही तिन्ही अंगे त्या काळी एकाच खात्यात नांदत. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्रसाराचा मोठा भाग तिकडे गेला. १९७२ मध्ये दापोलीचे कोकण कृषि विद्यापीठ स्थापन होऊन कोकणातील संशोधन विद्यापीठाकडे गेले. क्षार सहन करणारे पनवेल १, २ व ३ हे भाताचे वाण ज्या पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे, ते याच विद्यापीठाचे. १९९८ च्या पुनर्रचनेने खात्याच्या शाखा गावपातळीवर एकत्र आणल्या, पण गेलेले विषय परत आले नाहीत. आयुक्ताकडे राहिले ते बी-बियाणे, खते व औषधे यांचे नियंत्रण, योजनांची अंमलबजावणी, प्रसार, मृदसंधारण, पीकविमा आणि पीकउत्पादनाचे अंदाज. ही कामे लहान नव्हेत. परंतु क्षारसहनशील वाणाचे बी वेळेवर पोहोचविणारे खाते उघाडीचे तुटलेले झडप बदलू शकत नाही, आणि क्षार सहन करणारे भातदेखील रोजच्या भरतीखाली उगवत नाही.

याहून गंभीर परिणाम कागदावर घडतो. खात्याचे सारे गणित पेरलेल्या क्षेत्रापासून सुरू होते. पीकपाहणी महसूल खात्याची. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून नोंद करण्याची पद्धत तिला जोडली गेली. खांड पडलेल्या वर्षी पिकाचे नुकसान होते, पंचनामा होतो. पुढील वर्षी शेत पेरलेच जात नाही, म्हणून नुकसानही होत नाही. तिसऱ्या वर्षी ती जमीन पडीक या सदरात जाते व पिकांच्या आकडेवारीतून गळते. शेतकऱ्याची हानी जितकी कायमची, तितकी ती कृषिखात्याच्या दप्तरात कमी दिसते, असा हा विचित्र व्यस्त संबंध आहे. विम्याचेही तसेच. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत स्थानिक आपत्ती म्हणून भातशेतीत पाणी साचण्याला मिळणारे संरक्षण २०१८ मध्ये काढून घेण्यात आले; ते २०२६ च्या खरीपापासून परत देण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. मधल्या काळात आधार राहिला तो मुख्यतः मंडळाच्या सरासरी उत्पन्नाचा. आणि एकाच महसूल मंडळात डोंगरपायथ्याची व खाडीकाठची गावे असली तर त्या सरासरीत खाडीकाठचे बुडणे झाकले जाते.

पडीक जमीन रिकामी राहत नाही. खाऱ्या पाण्याबरोबर तिवरांचे बी येते व काही वर्षांत तेथे कांदळवन माजते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने व २०१८ च्या निर्णयाने कांदळवनांना व्यापक संरक्षण दिले; खाजगी जमिनीवरील कांदळवनही त्यातून सुटत नाही. किनाऱ्याच्या दृष्टीने हे संरक्षण आवश्यकच आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव, जागेवर वन आणि त्याचे मूळ कारण न बुजविलेली खांड, अशा जमिनीचा धनी कोणते खाते? जलसंपदा, महसूल व वन या तिघांचेही कागद तिच्यावर असतात. कृषिखात्याचा कागद बहुधा नसतो.

नियोजित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळीही हेच दिसले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी भूसंपादनाविषयी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. ही जमीन शेतीची म्हणून किती मोलाची, हाच तेथे मुळातला वाद होता. मत घेतले ते जिल्हाधिकाऱ्याने, सिंचनाचा दावा होता तो जलसंपदेविषयी आणि प्रकल्प उद्योगखात्याचा.

अधिकारात वाढ न करताही आयुक्तालयाला एक काम करता येण्याजोगे आहे. पीकउत्पादनाचे अंदाज महसूल मंडळाप्रमाणे निघतात. त्यांच्याच जोडीला प्रत्येक खारबंदिस्तीखालील एकूण क्षेत्र, पेरलेले क्षेत्र व खांडीमुळे पेरणीबाहेर गेलेले क्षेत्र अशी तीन सदरे दरवर्षी ठेवता येतील. बंदिस्तीचा नकाशा खारभूमी कार्यालयात आहे, पेरणीची नोंद तलाठ्याकडे आहे, आणि ही दोन्ही कार्यालये पेण तालुक्यातच आहेत.