ताबा मिळाला, पाण्याचे काय?

पुण्याच्या कोणत्याही वाढत्या टोकाला जा, वाघोली असो, धायरी असो की सूस-म्हाळुंगे. बिल्डरच्या होर्डिंगवर जलतरण तलाव हमखास दिसतो. तो कुठल्या पाण्याने भरणार, हे होर्डिंगवर नसते आणि करारनाम्यातही सहसा स्पष्ट नसते. शहर वाढले की घरे लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार क्रमाबद्दल आहे. आपल्याकडे आधी इमारत उभी राहते, मग लोक राहायला येतात, मग टँकर येतो आणि जलवाहिनीचे टेंडर सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा केल्याशिवाय, म्हणजे बांधकाम परवानगी प्रत्यक्ष पाण्याला बांधल्याशिवाय, शहराच्या वाढीच्या बाकी सगळ्या चर्चा फोल आहेत.

आधी हिशेब मांडू. घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी, हे आपल्याकडचे नियोजनाचे रूढ प्रमाण. पाचशे फ्लॅटची सोसायटी आणि घरटी चार माणसे धरली, तर रोजची गरज २ लाख ७० हजार लिटर होते. दहा हजार लिटरच्या टँकरने ती भागवायची तर रोज २७ खेपा लागतील, रविवार आणि सणवार धरून. बोअरला पाणी असेल तोवर आकडा खाली येतो. मार्चनंतर बोअर गुळण्या टाकू लागली की पुन्हा वर जातो. मग गेटवर वॉचमनच्या वहीत टँकरचा नंबर आणि वेळ लिहिली जाते, झाकण उघडून टाकी काठोकाठ आहे ना ते पाहिले जाते आणि महिनाअखेरीला कमिटीत बिलावरून खडाजंगी होते. हे पाणी बहुधा आसपासच्या खासगी विहिरींचे आणि बोअरचे असते. ते कोणी, कधी तपासले याचा कागद क्वचितच मिळतो. कोथरूडपेक्षा इथे फ्लॅट स्वस्त मिळाला या समाधानातला बराच भाग अशा रीतीने मेंटेनन्समधून दरमहा वळता होत असतो.

हे घडते कसे? पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळात महापालिका मुंबईच्याही पुढे गेली. या गावांत ग्रामपंचायतीच्या काळापासून इमारती उठत होत्याच. २०१५ मध्ये पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आल्यावर परवानग्यांचे टेबल बदलले, पाण्याचा प्रश्न होता तिथेच राहिला. त्यावर शोधलेला तोडगा म्हणजे हमीपत्र. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत रहिवाशांची सोय मी करीन, असे विकसकाने लिहून द्यायचे आणि त्या भरवशावर नकाशा मंजूर व्हायचा. पण विकसकाचा संबंध असतो प्रकल्प संपेपर्यंत. सोसायटी स्थापन झाली, कारभार कमिटीकडे गेला, की हमीपत्र फायलीत राहते आणि टँकरचे बिल सोसायटीच्या नावाने फाटते. शेवटच्या मुदतीचा पत्ता नसलेल्या अशा हमीला हमी म्हणण्यात अर्थ नाही.

परवानगी देणारी यंत्रणा याकडे काणाडोळा का करते, याचे उत्तर तिजोरीत आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेली एलबीटीही गेली, जीएसटीनंतर महापालिका राज्याकडून येणाऱ्या अनुदानावर अवलंबून राहिल्या. स्वतःच्या हातात उरली ती मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क ही दोन साधने. परवानगी नाकारणे म्हणजे स्वतःच्याच अंदाजपत्रकाला कात्री लावणे. त्यात डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने उंच इमारतींची वाट सोपी केली. मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, १.१; त्यावर पैसे भरून प्रीमियम एफएसआय, वर टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), आणि या सगळ्यावर पुन्हा निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय. प्रीमियम आणि टीडीआर किती घेता येईल हे ठरते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. रस्ता जितका रुंद, तितकी इमारत उंच. त्या रस्त्याखाली जलवाहिनी आहे का, असल्यास किती व्यासाची, याला या गणितात जागाच नाही.

त्याची किंमत फक्त रुपयांत मोजून भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावे तेव्हा देशभरच्या बातम्यांत होती. ही सगळी नव्याने समाविष्ट झालेली गावे. पुणे आणि परिसरात रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली, काही दगावले. संशय पाण्यावर गेला, कारण या भागाला विहिरीतून मिळणारे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते. खडकवासला धरणाची भिंत जिथून हाकेच्या अंतरावर, तिथली ही अवस्था.

इथे कोणी म्हणेल, पुण्याला पाणी कमी नाही, गळती जास्त आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा होतो. जुन्या वाहिन्या बदलल्या, मीटर बसवले की सगळे निभेल. यात तथ्य आहे. पण पेठांतली गळती थांबवल्याने मांजरीसारख्या समाविष्ट गावात वाहिनी पडत नाही. शिवाय ही धरणे एकट्या पुण्याची नाहीत. कालव्याचे पाणी हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतापर्यंत जाते आणि शहराचा वापर पाटबंधारे खात्याने मंजूर केलेल्या कोट्याच्या वर गेला की वाद पेटतो. पुण्यात मंजूर झालेला प्रत्येक टॉवर इंदापूरच्या उन्हाळी आवर्तनाशी या वाटेने जोडलेला आहे. तिथल्या शेतकऱ्याला कोणी त्या परवानगीबद्दल विचारत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पाण्याची अट घातली तर घरे कमी बांधली जातील, असलेली महागतील आणि ज्याची ऐपत नाही तो गुंठ्यागुंठ्याने विकल्या जाणाऱ्या बेकायदा प्लॉटकडे वळेल. गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा करावा लागला, यावरून ही भीती काल्पनिक नाही हे कळते. म्हणून सरसकट बंदी हा उपाय नव्हे. महापालिकेने प्रत्येक भागात आज किती पाणी देता येते आणि पुढच्या टाकीचे काम कधी पुरे होणार हे जाहीर करावे, आणि तेवढ्याच घरांना टप्प्याटप्प्याने परवानगी द्यावी. भोगवटा प्रमाणपत्र नळजोड मिळाल्यावरच द्यावे. एखाद्या गावातून वसूल झालेले विकासशुल्क आधी त्याच गावाच्या वाहिनीवर खर्च व्हावे. भाव थोडे वाढतील, हे मान्य. पण ते होर्डिंगवर दिसतील, टँकरच्या बिलात लपणार नाहीत. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणीटंचाईच्या कारणावरून बाणेर-बालेवाडीतल्या नव्या बांधकामांना अटकाव केला होता. न्यायालयाला सांगावे लागले ते नियमावलीत आधीच का नसावे?

आणि आधी सोयी, मग इमारती हा क्रम पुण्याला नवा नाही. शिवाजीनगर, डेक्कन भागातल्या जुन्या पत्त्यांत आजही ‘फायनल प्लॉट नंबर’ असतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भांबुर्ड्याची, म्हणजे आजच्या शिवाजीनगरची, नगररचना योजना आखली गेली, तिची ती खूण. जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा आधी काढायच्या आणि मग मालकांना नीट आखलेले भूखंड परत द्यायचे. बाणेर किंवा वाघोलीच्या पत्त्यात मात्र ‘सर्व्हे नंबर’ किंवा ‘गट नंबर’ असतो, कारण तिथे शेताच्या बांधावरच इमारती उठल्या. बांध वाकडा म्हणून रस्ता वाकडा, आणि वाहिनीही तशीच. या दोहोंच्या मधले उदाहरण हडपसरला आहे. मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र आणली, कंपनी काढली, तिचे भागधारक झाले आणि आखणी करून मग शहर वसवले. सगळीकडे अशी एकगठ्ठा जमीन आणि असा एकोपा मिळणार नाही, हे खरे. नगररचना योजनेचा कायदा नेमका त्यासाठीच आहे, आणि म्हाळुंगे-माणच्या योजनेवरून ती वाट अजून बंद झालेली नाही हे दिसते.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर महापालिका दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती होती, तेव्हा जाब विचारायला सभागृहही नव्हते. पण घर घेणाऱ्याच्या हाती आज एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपण रेराकडे पाहतो ते ताब्याची तारीख आणि कार्पेट एरियासाठी. त्याच कायद्याच्या कलम ११(३) नुसार बुकिंगच्या वेळी विकसकाने ग्राहकाला प्रकल्पाचे टप्पानिहाय वेळापत्रक द्यायचे असते, आणि त्यात पाणी, सांडपाणी व वीज या सोयी कधी होणार हेही असावे लागते. सॅम्पल फ्लॅट पाहून झाला, कॉफी पिऊन झाली, की टोकनचा चेक फाडण्याआधी हा कागद मागा. पाणी कोणत्या टाकीतून, कोणत्या वाहिनीने आणि कोणत्या महिन्यापर्यंत येणार ते लेखी घ्या. ‘कॉर्पोरेशनचे पाणी लवकरच येतेय’ एवढेच उत्तर मिळाले, तर फ्लॅटच्या किमतीत पुढच्या दहा वर्षांचा टँकर धरून मगच भाव करा.