अखेरच्या मिनिटाचा निर्णय

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हे कापसाच्या टापूतले गाव. या भागात काही शेतकरी पहिल्या पावसाची वाट न पाहता कोरड्या जमिनीतच सरकी टोबतात. तिला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला, तर त्यांचे पीक इतरांच्या पुढे जाते. लांबला, तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणी करावी लागते. आभाळाचे मन कोणासच ठाऊक नसते. म्हणून जाणता शेतकरी दोन गोष्टी तोलतो: पाऊस येण्याचा संभव किती, आणि तो न आल्यास नुकसान किती. घटनेचा असा संभव अंकांत मांडणे, यालाच गणितात संभाव्यता म्हणतात.

खेळाच्या मैदानावरही हाच हिशोब करावा लागतो. मात्र तेथे विचारास फार थोडा अवधी मिळतो. सन 2014 मध्ये ब्राझील देशात फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. 5 जुलै रोजी साल्व्हादोर येथे नेदरलँड्स आणि कोस्टा रिका यांच्यात उपांत्यपूर्व सामना चालला होता. एकशेवीस मिनिटे संपत आली, तरी कोणाचाही गोल झाला नव्हता. आता प्रत्येक संघाला पाच पेनल्टी फटके मिळून निकाल लागणार होता. एवढ्यात नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी अजब आज्ञा दिली. संपूर्ण सामन्यात एकही गोल होऊ न देणाऱ्या यास्पर सिलेसन या गोलरक्षकास त्यांनी बाहेर बोलाविले व टिम क्रुल यास आत धाडले. प्रेक्षक थक्क झाले. सिलेसनला तर या बेताची आधी कल्पनाही दिलेली नव्हती! क्रुलला मात्र ती होती.

हे साहस होते की अविचार? थोडे गणित करून पाहू या. समजा, पहिला गोलरक्षक पाच फटक्यांतून सरासरी एक अडवितो आणि दुसरा चारांतून एक. पहिल्याच्या हातून एक फटका निसटण्याची संभाव्यता 4/5 झाली. लागोपाठ दोन निसटण्याची 4/5 × 4/5, म्हणजे 16/25. असाच पाच वेळा गुणाकार केला, की 1024/3125 येते. म्हणजे शंभरात सुमारे 33. अर्थात पाचांतून निदान एक तरी फटका अडण्याचा संभव शंभरात 67 उरतो. दुसऱ्या गोलरक्षकाच्या बाबतीत हाच संभव शंभरात सुमारे 76 भरतो. एका फटक्यामागे फरक अल्प दिसतो, पण पाच फटक्यांत तो वाढून शंभरात नऊ होतो.

तथापि हे आकडे मानलेले आहेत, आणि खरी अडचण तेथेच होती. क्रुलने इंग्लंडमधील सामन्यांत वीस पेनल्टींपैकी दोनच अडविल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. हा लौकिक काही मोठा नव्हे. परंतु वीस फटके हा फार लहान नमुना आहे. दोनतीन पावसाळे पाहून कोणी पर्जन्यमान ठरवीत नाही. व्हान गाल यांनी निराळीच गोष्ट विचारात घेतली. क्रुल अधिक उंच होता व त्याचे हात अधिक दूर पोहोचत.

या बेताची किंमतही होती. त्या काळी संघास तीनच बदल करता येत. तिसरा बदल अखेरपर्यंत राखून ठेवावयाचा, म्हणजे मधल्या वेळात दमलेल्या गड्यांनाच खेळवावयाचे. बदलानंतर कोणी जायबंदी झाला असता, तर संघात दहाच गडी उरले असते. पण बदल अगदी शेवटच्या क्षणी केल्याने हा धोका जवळजवळ नाहीसा झाला.

क्रुलने पाचही वेळा योग्य दिशेला झेप घेतली, दोन फटके अडविले आणि नेदरलँड्सने 4–3 असा विजय मिळविला. व्हान गाल यांची वाहवा झाली. क्रुलच्या हाती एकही फटका लागला नसता, तर त्याच निर्णयास लोकांनी वेडेपणा म्हटले असते. वास्तविक निर्णय घेताना त्यांच्यापुढे जी माहिती होती, ती दोन्ही प्रसंगी एकच असती.

चारच दिवसांनी, 9 जुलैला, साव पावलो येथे अर्जेंटिनाशी पुन्हा पेनल्टीचीच वेळ आली. या खेपेस मात्र तिन्ही बदल आधीच झाले होते. गाठीचे बियाणे संपले होते. गोलात सिलेसनच उभा राहिला, नेदरलँड्स 4–2 असा हरला, आणि क्रुल बाकावर बसून ते पाहत राहिला.