गुण किती, त्याहून कोणाचे?

‘साठी बुद्धी नाठी’ ही आपल्याकडची जुनी म्हण. आता तिला आकड्याचा आधार मिळू लागला आहे. स्मरणशक्तीची चाचणी होते, तीसपैकी गुण मिळतात आणि घरातले सारे त्याकडे दहावीच्या निकालासारखे पाहतात.

पेणची माझी आई आणि रोह्याची धाकटी मावशी, दोघींची ही चाचणी झाली. आईला २२, मावशीला २८. झाले! आईचे बँकेचे व्यवहार आता मुलांनी पाहावेत, अशी घरात बोलणी सुरू झाली. मावशीबद्दल सारे निर्धास्त.

पण ही चाचणी विचारते तरी काय? डॉ. फोलस्टीन व सहकाऱ्यांनी ती १९७५ साली अमेरिकेत तयार केली. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, पंचकोनांची आकृती काढा. शाळेत रुळलेल्या हाताला हे सोपे. तिथल्याच अठरा हजारांवर प्रौढांचे गुण १९९३ साली प्रसिद्ध झाले. नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचा मधला आकडा २९ होता. चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. हरियाणातील बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी तर १९९५ साली हिंदीत वेगळी चाचणी करावी लागली.

आईची शाळा चौथीत सुटली, ती धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी. त्यांतलीच मावशी पुढे शिक्षिका झाली. तारीख विचारल्यावर आई म्हणाली, ‘संकष्टी होऊन दोन दिवस झाले.’ उत्तर बरोबर होते. गुण मात्र मिळाला नाही. तीच आई आजही गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते, मजुरीचा हिशेब तोंडी सांगते. मावशी मात्र अलीकडे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, बँकेची स्लिप भरताना अडखळते. शिक्षणाच्या जोरावर गुण टिकतात आणि आतली पडझड काही काळ झाकली जाते.

म्हणून गुण पाहण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. शिक्षण किती? चष्मा लावला होता का, प्रश्न नीट ऐकू आले का? झोप झाली होती का, औषधे कोणती चालू आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे, हे माणूस वर्षापूर्वी कसे होते? कमी गुण म्हणजे निदान नव्हे. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, उदासी यांनीही स्मरण मंदावते आणि त्यांवर उपचार आहेत.

आईचे पासबुक आईकडेच राहिले. डॉक्टरांकडे पुन्हा नेले, ते अठ्ठावीसवाल्या मावशीला.