नवी डिस्क: नाव कोणतं, ओळख कोणती

मंडळी, लिनक्सच्या संगणकात दुसरी साटा डिस्क बसवली, 'एलएसबीएलके' ही आज्ञा दिली, की यादीत दिसतं: एसडीए, एसडीबी. जुनी ती एसडीए, नवी ती एसडीबी, असं आपण धरून चालतो. इथेच जरा थांबू.

ही नावं डिस्कवर कोरलेली नसतात. कर्नलला जी आधी सापडली ती 'ए', नंतरची 'बी', बँकेतल्या टोकनासारखं. उद्या संगणक पुन्हा सुरू केला की अदलाबदल होऊ शकते. नाव आणि नामी वेगळे, यावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो, कुणाचं काही बिघडलं नाही. इथे मात्र चुकीच्या नावावर 'एमकेएफएस' चालवलं तर घरातले सगळे फोटो जातात! म्हणून आधी आकार, मॉडेल आणि सीरियल नंबर डिस्कवरच्या लेबलाशी ताडून बघायचे. एलएसबीएलकेला सांगितलं तर ती तेही दाखवते.

आता पार्टिशन. ही जमिनीची मोजणी समजा. कोणता तुकडा कुठून कुठवर, एवढंच पार्टिशन टेबलात असतं. घर अजून बांधायचंय. जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, सेक्टर ५१२ बाइटचा, त्यामुळे साधारण २ टेराबाइटपुढची जागा नोंदवताच येत नाही. म्हणून जीपीटी घ्यावी. 'एफडिस्क' सज्जन आहे: 'डब्ल्यू' दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहीत नाही, 'क्यू' दाबून निमूट बाहेर पडता येतं. 'पार्टेड' मात्र सांगितलं की लगेच करून मोकळं.

घर बांधतं ते एमकेएफएस, आणि त्याच क्षणी फाइलसिस्टिमला स्वतःची ओळख मिळते: १२८ बिटांचा यूयूआयडी. 'बीएलकेआयडी' तो दाखवते. केबल बदला, रांग बदला, तो बदलत नाही. (डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर दोघींचा यूयूआयडी एकच! जुळ्यांचा हा प्रश्न नैयायिकांनाही आवडला असता.)

विंडोजसारखा वेगळा डी ड्राइव्ह इथे नसतो. एकाच झाडावरच्या एखाद्या डिरेक्टरीवर डिस्क माउंट करायची. त्या डिरेक्टरीत आधी काही असेल तर ते झाकलं जातं, पुसलं जात नाही. अनमाउंट केलं की पुन्हा दिसतं.

दर वेळी आपोआप जोडली जावी म्हणून 'एफएसटॅब' फाइलमध्ये एक ओळ लिहायची, तीत एसडीबी नव्हे, यूयूआयडी. शिवाय 'नोफेल' हा पर्याय. नाहीतर डिस्क काढलेली असताना संगणक सुरू होतानाच तिची वाट बघत बसतो आणि शेवटी इमर्जन्सी मोडमध्ये जातो. ओळ लिहून झाली की रीबूटच्या आधी 'माउंट -ए' चालवायचं. चूक असली तर बहुधा तिथल्या तिथे कळते.