स्वरयंत्राचे दर्शन आणि महाप्राण व्यंजने

जीभ व ओठ ह्यांच्या हालचाली आरशात पाहता येतात. परंतु घोष जेथे उत्पन्न होतो ते स्वरतंतू डोळ्यांआड असतात. म्हणून स्वरयंत्राच्या वैद्यकीय परीक्षेचा विकास ध्वनिविचाराच्या अभ्यासकालाही दुर्लक्षिता येण्याजोगा नाही.

ह्या परीक्षेचा पाया एका गायनशिक्षकाने घातला. मान्युएल गार्सिया ह्याने 1854 साली दंतवैद्याचा लहानसा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचे स्वरतंतू पाहिले. 1855 मध्ये ही निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचली गेली. पुढे ट्यूर्क व चेर्माक ह्यांनी ही रीत वैद्यकात रूढ केली. चेर्माकने कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केल्यामुळे परीक्षेला उन्हाची गरज उरली नाही.

ही रीत साधी आहे. वाफ धरू नये म्हणून आरसा किंचित तापवितात, रोग्याची जीभ फडक्याने धरून पुढे ओढतात, आरसा पडजिभेला टेकवितात आणि रोग्याला ‘ई’ उच्चारावयास सांगतात. त्यायोगे स्वरयंत्रावरील झाकण पुढे सरते व तंतू दिसू लागतात. श्वास घेताना ते दूर होतात. घोषाच्या वेळी जवळ येतात. एखादा तंतू हलत नसेल, तर त्याच्या मज्जातंतूला कोठे इजा झाली ह्याचा शोध घ्यावा लागतो. डाव्या बाजूचा मज्जातंतू छातीत उतरून महारोहिणीच्या कमानीखालून वर परततो. म्हणून घोगऱ्या आवाजाचे मूळ कधी कधी छातीतील विकारातही सापडते.

तथापि ह्या रीतीला दोन मर्यादा आहेत. पहिली वेगाची. साधारण बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराच्या आसपास, तर स्त्रीचे दोनशेच्या आसपास कंप पावतात; ती गती डोळ्याला पकडता येत नाही. 1878 मध्ये एर्टेलने खंडित प्रकाशाची युक्ती स्वरयंत्राला लावली. प्रकाशाचे स्फुरण कंपनाच्या वेगाहून किंचित वेगळे ठेवले, म्हणजे कंपन संथ झाल्यासारखे भासते. परंतु हे दृश्य अनेक कंपनांतील निरनिराळ्या क्षणांचे जोडलेले असते. कंपन अनियमित असेल तर ते विस्कटते. अशा वेळी अतिवेगवान चित्रणाचाच आश्रय घ्यावा लागतो.

दुसरी मर्यादा भाषेच्या अभ्यासकाला अधिक जाचक आहे. जीभ बाहेर ओढलेली असता ‘त’ किंवा ‘ध’ उच्चारणार कसा? ही अडचण 1968 मध्ये सावाशिमा व हिरोसे ह्यांनी दूर केली. काचतंतूंची लवचिक नळी नाकावाटे आत सोडल्याने मुख मोकळे राहिले आणि चालू बोलण्यात स्वरद्वार पाहता येऊ लागले.

1975 मध्ये कागाया व हिरोसे ह्यांनी हिंदी स्पर्शव्यंजनांची अशी परीक्षा प्रसिद्ध केली. तीतून दिसणारा भेद थोडक्यात असा: ‘द’च्या वेळी स्वरद्वार मिटलेले राहते. ‘त’मध्ये ते थोडे उघडते, पण स्फोटापर्यंत पुन्हा मिटते. ‘थ’मध्ये ते स्फोटाच्या सुमारास सर्वांत अधिक उघडे असते. ‘ध’मध्ये आरंभी तंतू जवळ असतात व द्वार उशिरा उघडू लागते, स्फोटानंतर उघडे तंतू कंप पावत असतानाच श्वास बाहेर पडतो. म्हणजे ‘ध’ हा केवळ ‘द’ अधिक ‘थ’मधील श्वास नव्हे; ती स्वरयंत्राची स्वतंत्र अवस्था आहे.

तैत्तिरीय प्रातिशाख्यात कंठाच्या संवृत व विवृत अवस्थांच्या मधली एक अवस्था मानून ती हकाराला व वर्गातील चौथ्या वर्णांना दिली आहे. ज्यांना स्वरतंतू कधीही दिसले नाहीत, त्यांनी केवळ कान व उच्चारानुभव ह्यांच्या बळावर केलेले हे वर्गीकरण यंत्राने मुख्यतः खरे ठरविले. मराठीतील ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’, ‘व्ह’ हे एक वर्ण की दोन, हा वाद लेखनाच्या आधारे सुटणारा नाही. तंतू केव्हा दूर होतात व कंपन केव्हा थांबते, हे पाहिल्यानंतरच त्याला भक्कम आधार मिळेल.