सांबाराची जुडी आणि उकळलेलं पाणी

खामगावच्या बाजारात कुणी "सांबार कसा देल्ला, भाऊ?" असं विचारलं की पुण्याहून नव्यानं आलेला माणूस इडलीची गाडी शोधायला लागतो. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. वांग्याच्या भाजीवर, झुणक्यावर, रोडग्यांच्या पंगतीतल्या वरणावर तो वरून पडला नाही, तर स्वयंपाक अर्धवट राहिल्यासारखा वाटतो. नाव वेगळं असलं तरी झाड जुनंच. पाणिनीनं 'कुस्तुम्बुरु' या शब्दासाठी अष्टाध्यायीत एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं आहे. आपली कोथिंबीर आणि कानडीतली कोत्तंबरी याच घराण्यातल्या. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातही धने सापडले. राजाला परलोकात फोडणी लागणार, याची कुणीतरी काळजी घेतली होती.

सांबाराची खरी मालमत्ता म्हणजे त्याचा वास. पानांतला हा वास डेकॅनल, डोडेसेनल अशा अल्डिहाइड गटातल्या रसायनांचा. धन्यांतला वास अगदी निराळा, मुख्यतः लिनॅलूलचा, म्हणून धन्यांच्या फोडणीला पानांची सर येत नाही आणि पानांना धन्यांची. सोयाबीन-तुरीवरचा हिरवा ढेकण्या बोटांत चिरडला की जो उग्र दर्प येतो, तोही याच गटातल्या रसायनांचा. किडा ती शत्रूला पळवायला सोडतो, आणि आपण त्यांच्यासाठी दहाची नोट मोडतो.

जगातल्या बऱ्याच लोकांना मात्र कोथिंबीर साबण चावल्यासारखी लागते. २०१२ साली २५ हजारांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वास ओळखणाऱ्या ओआर६ए२ या जनुकाजवळच्या एका फरकाचा या साबणी चवीशी संबंध दिसला. त्याच वर्षी कॅनडात झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत कोथिंबीर नावडणारे पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत २१ टक्के, युरोपीय वंशाच्या लोकांत १७ टक्के आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत ७ टक्के निघाले. म्हणजे आपल्याकडेही शंभरातले काहीजण ताटातला सांबार बोटानं बाजूला सारत असणार, आणि घरची मंडळी त्याला लाड म्हणत असणार. अशांसाठी एक तोडगा आहे. पानं वाटली की पानांतलीच विकरं काही अल्डिहाइडं मोडतात आणि वास निवतो. चिरलेली कोथिंबीर न खाणारा माणूस चटणी खातो, ते यामुळेच.

याच डोडेसेनलनं २००४ साली प्रयोगशाळेत नाव कमावलं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना ते साल्मोनेला जिवाणूंना मारताना दिसलं, आणि तेही जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या तोडीनं. बातम्या झळकल्या. पण परीक्षानळीत शुद्ध रसायन ओतणं वेगळं आणि भाजीवर चिमूटभर पानं भुरभुरणं वेगळं. उलट कच्ची कोथिंबीर स्वतःच जंतूंची वाहक ठरू शकते. सायक्लोस्पोरा या परजीवीमुळे हगवणीच्या साथी पसरल्या, तेव्हा २०१५ साली अमेरिकेनं मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातून येणाऱ्या कोथिंबिरीवर एप्रिल ते ऑगस्ट या काळापुरती बंदी घातली. जुडीच्या मुळांना चिकटलेली माती कोणत्या पाण्यात भिजली होती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून जुडी सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढायची. आपल्या आज्या ते करतच होत्या, फक्त कारण 'रेती लागते' एवढंच सांगायच्या.

२०१९ साली डोडेसेनल पुन्हा चर्चेत आलं. मेंदूच्या पेशींतल्या पोटॅशियमच्या विशिष्ट वाहिन्या ते उघडतं आणि उंदरांतले झटके लांबणीवर टाकतं, असं अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आढळलं. फेफऱ्यावर घरगुती उपाय म्हणून कोथिंबीर वापरली जाते, त्यामागचं कारण यात सापडू शकतं. पण झटक्याच्या गोळ्या सोडून कोथिंबीर चावावी, असं त्या संशोधकांनीही म्हटलेलं नाही. धन्यांनी साखर उतरते, या दाव्याचीही हीच गत. त्याचे गाजलेले प्रयोग उंदरांवरचे आहेत.

आता पोषणाचा हिशेब. शंभर ग्रॅम कोथिंबिरीत ९२ ग्रॅम पाणीच असतं. क जीवनसत्त्व २७ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते बीटा कॅरोटीन चार मिलिग्रॅमच्या घरात. आकडे झकास आहेत, पण शंभर ग्रॅम कोथिंबीर खातो कोण? वरणावर पडते ती पाचेक ग्रॅम. त्यातून मिळणारं क जीवनसत्त्व दीड मिलिग्रॅमही भरत नाही. त्याच वरणावर पिळलेली लिंबाची फोड त्याहून जास्त देते. सांबारवडीत मात्र जुड्याच्या जुड्या जातात, आणि बीटा कॅरोटीन अंगी लागायला तेलाची सोबत लागते, तीही तिथं भरपूर मिळते. वडी तळणीतून काढताना हे मनाला सांगायला हरकत नाही.

चिमटीतही दबदबा राखणारं जीवनसत्त्व एकच, के. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी ते शोधलं आणि रक्त गोठण्यासाठी लागतं म्हणून 'कोआगुलेशन' या शब्दावरून त्याला के हे अक्षर दिलं. १९४३ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. शंभर ग्रॅम कोथिंबिरीत ते सुमारे ३१० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे दहा ग्रॅम पानांतून दिवसाच्या गरजेचा तिसरा ते निम्मा हिस्सा भागतो. हाच गुण काहींना जाचतो. हृदयाची झडप बदलल्यावर वॉरफरिन किंवा असेनोकूमॅरॉल घेणाऱ्यांच्या गोळीचं कामच मुळी के जीवनसत्त्वाला अडवण्याचं. त्यांनी सांबार सोडायचा नसतो, पण एक दिवस चिमूट आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर हिरवी चटणी असंही करायचं नसतं. प्रमाण रोजचं सारखं हवं, कारण गोळीचा डोस त्यावरच बसवलेला असतो.

हा लेख लिहावासा वाटला तो मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशामुळे. कोथिंबिरीची जुडी चिरा, दहा मिनिटं उकळा, गाळा, ते पाणी रोज ग्लासभर प्या, किडनी साफ होते! मुंबईत कुणी हे वाचून हसेल. बुलडाणा जिल्ह्यात घाटाखाली, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, कुणी हसत नाही. हा खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीला पाणी असतं, पण ओलीत करता येत नाही आणि पिववत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. इथल्या कित्येक विहिरी आणि बोअर ही दुसरी रेघही ओलांडतात. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारानं अनेक घरांतली कर्ती माणसं गेली आहेत. वान धरणाचं गोडं पाणी १४० गावांच्या योजनेतून आणण्याचा खटाटोप त्याचसाठी. खाऱ्या पाण्यासोबत मधुमेह, रक्तदाब आणि अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांचाही संशय घेतला जातो. अशा गावात तो संदेश पोचला की जुडी लगेच पातेल्यात पडते.

मूत्रपिंड म्हणजे काजळी धरलेली कंदिलाची काच नव्हे. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात. मेलेली गाळणी धुतल्यानं जिवंत होत नाही. धन्यांच्या अर्कानं लघवी वाढते, हे उंदरांत दिसलं आहे. पण जास्त लघवी होणं म्हणजे मूत्रपिंड साफ होणं नाही, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा या दोन्हींत फरक करतो.

खरी मेख पोटॅशियमची आहे. शंभर ग्रॅम कोथिंबिरीत ते ५२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, केळ्याहूनही जास्त. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं जास्तीचं पोटॅशियम मुकाट बाहेर टाकतात. आजारी मूत्रपिंडांना ते जमत नाही. ते रक्तात साठतं, लिटरमागे पाच मिलिमोलच्या वर चढत जातं, आणि हृदयाचे ठोके कुठल्याही क्षणी चुकू शकतात. म्हणूनच अशा रुग्णांना आहारतज्ज्ञ सांगतात की भाजी चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, कारण पोटॅशियमचा मोठा भाग पाण्यात उतरतो. संदेशात कृती तंतोतंत हीच आहे, फक्त शेवटी चोथा फेकायचा आणि पाणी प्यायचं. ज्याला धोका सर्वांत जास्त, नेमका तोच रोज सकाळी हा ग्लास श्रद्धेनं रिकामा करतो. पोटॅशियमचा चढउतार बाहेरून दिसत नाही, म्हणून पिणाऱ्याला बरंच वाटत राहतं.

चिमूटभर सांबार मात्र यातल्या बहुतेकांना चालतो. पाच ग्रॅममधून पोटॅशियम जेमतेम २६ मिलिग्रॅम मिळतं. या रुग्णांना मीठही तोडावं लागतं. निरोग्यालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि यांना तर पाण्यातूनच मीठ मिळत आलेलं. अळणी वरण दोन घासांपुढे जात नाही आणि माणूस लपून लोणच्याच्या बरणीकडे वळतो. तिथं सांबार कामाला येतो. वरण चुलीवरून उतरवायचं आणि मग पानं टाकायची, कारण अल्डिहाइडं उडणारी असतात आणि उकळीत वास निघून जातो. वर लिंबाची फोड पिळायची. वास आधी नाकात भरतो, जिभेला आंबट लागतं, आणि मीठ निम्मं पडलंय हे जेवणाऱ्याला पहिल्या काही घासांत तरी कळत नाही.