पानांवरचे काळे डाग : त्यांची ओळख व त्यांचे कूळ



बुरशी म्हटली की शिळ्या भाकरीवरचा हिरवट थर किंवा पावसाळ्यात चामडी जोड्यावर चढलेला पांढुरका लेप आपल्या डोळ्यांपुढे येतो. आज आपण जिचा विचार करणार आहो, ती बुरशी शिळ्यावर जगत नाही. तिला जिवंत पान लागते, आणि तेही बहुधा उष्ण व दमट प्रदेशातले.

पावसाळा सरल्यावर सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील सदाहरित झाडीत हिंडावे आणि पाने उलटसुलट करून पाहावी. काळे, वाटोळे, मखमलीसारखे ठिपके पुष्कळ पानांवर आढळतात. पाहणारा ‘काजळी’ म्हणतो आणि पुढे जातो. आम्हीही कैक दिवस तसेच म्हणत होतो.

खरी काजळी निराळी. आंब्यावर तुडतुडे पडले म्हणजे ते मोहोराचा व कोवळ्या पालवीचा रस शोषून गोड, चिकट द्रव टाकतात. त्या द्रवावर काजळी पोसते. ती पानाला खात नाही, पानावर सांडलेले खाते. म्हणून ओल्या फडक्याने ती पुष्कळशी निघते आणि खाली हिरवे पान दिसते. मेलिओला या बुरशीचे तसे नाही. (हे नाव एलिआस फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८२५ साली दिले.) तिच्या तपकिरी तंतूंना बाजूने दोन-दोन पेशींची बोंडे फुटतात आणि त्या बोंडांखालून ती पानाच्या वरच्या थरातील पेशीत शोषक अवयव खुपसते. ती फडक्याला दाद देत नाही. काजळीवर उपाय म्हणजे तुडतुड्यांचा बंदोबस्त. तोच उपाय मेलिओलावर केला तर बागाईतदाराचा पैसा पाण्यात! आंब्यावर मेलिओलाचीही एक जात आहे, त्यामुळे घोटाळा अधिकच होतो. छापील माहितीतही तिचे नाव काजळीच्या माथी मारलेले आम्ही पाहिले आहे. अॅस्टेरिना नावाची आणखी एक काळी बुरशी आहे. तिचे फळ ढालीसारखे चपटे असून ते चांदणीच्या आकारात फुटते.

या साऱ्यांचे परस्परांशी नाते काय? जुन्या वर्गीकरणकारांनी मेलिओलाला भुरीच्या जवळ बसविले. भुरी म्हणजे द्राक्षावर किंवा आंब्याच्या मोहोरावर पडणारी पांढरी पूड. दोघींचे तंतू पानाच्या बाहेर पसरतात, दोघी जिवंत पेशीतूनच अन्न घेतात, दोघींची फळे बारीक गोळ्यांसारखी. तेव्हा ही जोडी जुळविणारांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु कुलकर्णी आडनावाची सर्व माणसे एका घराण्यातली नसतात. ते आडनाव गावच्या कामावरून आले, रक्तावरून नव्हे. पानावर राहण्याचे काम ज्यांनी पत्करले, त्या बुरशांनाही असाच सारखा वेष चढला, मग मूळ घराणे कोणतेही असो.

घराणे ओळखायचे तर बीजाणूंची पिशवी पाहावी, असा आग्रह १९५१ साली लट्रेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने धरला. काही बुरशांत या पिशवीची भिंत एकेरी असते, काहींत दुहेरी. दुहेरी असली म्हणजे बाहेरचे वेष्टन फाटून आतले लांबते आणि बीजाणू उडतात. कसोटी उत्तम, पण मेलिओलाची पिशवी लवकरच विरघळून जाते! साक्षीदारच बेपत्ता, तेव्हा वाद चालूच राहिला.

दरम्यान जातींची नोंद वाढतच होती. बेल्जियमच्या बेलीने १९२० साली बीजाणूंचे पडदे, तंतूंवरील केस, मापे वगैरे लक्षणे आकड्यांनी मांडण्याची सांकेतिक रीत काढली. पुढे हॅन्सफर्डने १९६१ साली या साऱ्या कुळाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज दीड हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. आमचे स्पष्ट मत असे की, यांतील काही नावे पुन्हा तपासली पाहिजेत. झाडाचे कूळ नवे दिसले की बुरशीलाही नवे नाव द्यायचे, ही चाल सोयीची खरी. पण सोय म्हणजे पुरावा नव्हे.

पिशवीचा वाद निकाली निघण्यास आनुवंशिक द्रव्याची साक्ष उपयोगी पडली. ती मिळविणे सोपे नव्हते. ही बुरशी काचेच्या बशीत वाढत नाही; पानावरून खरवडावी तर पानाचे द्रव्य येते, आणि पुष्कळदा तिच्यावरच जगणाऱ्या दुसऱ्या बुरशीचेही! १९९९ साली सेन्झ आणि टेलर यांनी मेलिओला व मेलिओलिना यांची तुलना प्रसिद्ध केली. मेलिओलिना म्हणजे नावाने जणू धाकटी मेलिओलाच. ती जांभळाच्या कुळातील झाडांवर राहते. मात्र तिला बोंडे नसतात, ती पर्णरंध्रांतून आत शिरते. निष्कर्ष असा निघाला की, या दोघी बहिणी तर नव्हेतच, दूरच्या भावकीतल्याही नव्हेत. मेलिओला एकेरी पिशवीच्या मोठ्या वर्गात गेली. पावावर वाढणारी गुलाबी न्यूरोस्पोरा त्याच वर्गातली. मेलिओलिना दुहेरी पिशवीवाल्यांत गेली. खरी काजळी व अॅस्टेरिना त्याच वर्गात आहेत. आणि भुरी? तिचा वर्ग तिसराच.

ज्यांना बोंडे प्रत्यक्ष पाहावयाची असतील त्यांच्यासाठी एक युक्ती सांगतो. होसगौडर व कपूर या भारतीय अभ्यासकांनी १९८५ साली ती प्रसिद्ध केली. काळ्या डागावर नखांना लावायचे बिनरंगी पॉलिश पातळ लावावे आणि पुरते वाळू द्यावे. मग तो पापुद्रा चिमट्याने हलकेच उचलून काचपट्टीवर ठेवावा. सबंध बुरशी जागच्या जागी निघून येते आणि शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तिची बोंडे स्पष्ट दिसतात.